कादंबरीतली दोरी

ओनिरोकु दान यांच्या ‘फूल आणि साप’ या जपानी कादंबरीत (तिच्यावर १९७४ साली चित्रपटही आला) नायिकेला कुणी संमती विचारत नाही. किन्बाकु, म्हणजे दोरीने बांधण्याची कामकला, बहुतेकांना भेटते ती अशाच कथांतून. घोटाळा तिथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात जाणती माणसे आधी सविस्तर बोलतात, ‘थांब’ म्हणताच थांबतात, कात्री हाताशी ठेवतात, बांधलेल्याला एकटे सोडत नाहीत. दंडातला रेडियल मज्जातंतू दबला तर मनगट लुळे पडते, आणि कधी आधी मुंग्याही येत नाहीत. हे कादंबरी सांगत नाही; तिचे ते कामही नव्हे. माझ्या मते नवख्याने गाठींआधी माणसे शोधावीत: चहाच्या टेबलाशी, दोरीविना भेटणारी, नकार ऐकून न रुसणारी.