आजीचं मत कुणी मागितलं?

दिल्लीत हिंदूरावच्या आसपास, मलकागंजपासून मुखर्जीनगरपर्यंत, खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आपली पोरंपोरी पुष्कळ आहेत. (ज्यांच्या नावानं हा भाग ओळखला जातो ते हिंदूराव घाटगे आपल्याच मुलखातले सरदार, पण तो विषय वेगळा.) त्यांच्या नोट्समध्ये स्त्रियांच्या मताधिकारावर दोन-तीन ओळी असतात. 1917 साली सरोजिनी नायडूंचं शिष्टमंडळ मॉन्टेग्यूंना भेटलं. मुंबई इलाख्यात रमाबाई रानडेंनी चळवळ केली. 1921 साली मत मिळालं. पाठ करा, गुण घ्या.

मिळालं कुणाला?

रमाबाईंचं मोठेपण नाकारायचं कारण नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी सासरच्या बायकांची बोलणी खात शिकली, पुढे पुण्यात सेवासदन उभं केलं. पण 1921 चं ते मत मालमत्तेच्या अटीवर होतं. ना जमीन, ना घरपट्टी, अशा घरातली बाई त्यात नव्हती. तिचा नवराही नव्हता. 1935 च्या कायद्यानं अटी सैल केल्या: मालमत्ता, साक्षरता, नाहीतर पात्र नवरा. फायदा पुन्हा बहुतेक त्याच घरांना!

बाबासाहेबांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मागितलं. मोठ्या महिला संघटनांनीही 1931 साली ते मागितलं, हे खरं. पण त्याच दमात राखीव जागा नकोत असंही बजावलं. म्हणे सगळ्या बाया सारख्याच.

सारख्या? डिसेंबर 1937 मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन भरलं. तिथं जेवणाच्या वेळी जाईबाई चौधरींना वेगळं बसवलं. ह्याच जाईबाईंनी डोक्यावर ओझी वाहून दिवस काढले होते आणि 1922 साली नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली होती. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये हे सगळं नोंदवून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. नोट्समध्ये ते आलं नाही.

ह्या पंगतीला उत्तर मिळालं ते त्याच नागपुरात, 20 जुलै 1942 रोजी. दलित महिला परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर हजारो बाया. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, गिरणीतल्या बायांना रजा आणि भरपाई मिळावी, प्रत्येक प्रांतात मुलींचं वसतिगृह असावं. आणि कायदेमंडळापासून सगळ्या लोकनियुक्त संस्थांत आपल्या बायांना राखीव जागा. पाच वर्षांपूर्वी जिला वेगळं बसवलं, ती आता सभागृहातली खुर्ची मागत होती.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीनं लोकसभा-विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा ठरवल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या जागांतही तेवढाच वाटा ठेवला. ओबीसी बायांसाठी मात्र एकही वेगळी जागा नाही. कारण विचारलं की पुन्हा तेच ऐकू येतं: बाई म्हणजे बाई, जात कशाला काढता?