सुई घेणारा सापडतो, सुई देणाऱ्याचे काय?



कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या आपल्या पट्ट्यात आता गल्लोगल्ली जिम झाल्या आहेत. पहाटे मैदानावर पोलिस भरतीसाठी धावणारी पोरे संध्याकाळी तिथेच घाम गाळताना दिसतात. आम्हाला त्याचा आनंदच आहे. ज्या वस्तीत संध्याकाळ झाली की पावले गुत्त्याकडे वळायची, तिथल्या पोरांना शरीर कमवावेसे वाटते, ही लहान गोष्ट नाही.

पण मागच्या महिन्यात कुळगावच्या एक ताई आम्हाला विहारात भेटल्या. पदराखालून त्यांनी रुमालात गुंडाळलेली काचेची छोटी बाटली काढली. मुलाच्या जिमच्या बॅगेत सापडली होती. मुलगा एकोणीस वर्षांचा, भरतीची तयारी करणारा. विचारले तर म्हणाला, "ताकदीचं औषध आहे, सगळेच घेतात." कुणी दिले, ते सांगेना. बिल नाही, डॉक्टरची चिठ्ठी नाही. ताईंनी आम्हाला एकच प्रश्न विचारला: "हे पोलिसात द्यायचं का? पण दिलं आणि माझ्याच पोराचं नाव आलं तर?"

आम्ही त्यांना तिथल्या तिथे उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नावर विचार करून दिलेले आमचे उत्तर आहे.

आधी त्या बाटलीविषयी. तिच्यावर मेफेंटरमाईन असे नाव होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रोग्याचा रक्तदाब एकदम खाली जातो, तेव्हा तो वर आणण्यासाठी डॉक्टर हे इंजेक्शन देतात. म्हणजे ते ऑपरेशन थिएटरमधले औषध आहे, ताकदीचे नव्हे. ज्याचा रक्तदाब आधीच ठीक आहे अशा पोराने ते टोचून घेतले की हृदय धडधडते, दम लागत नाही असे वाटते, अंगात वीज शिरल्यासारखे होते. त्याला तो ताकद समजतो. प्रत्यक्षात रक्तदाब भलताच चढलेला असतो आणि हृदयावर ताण पडत असतो. पुढे झोप उडते, संशयी स्वभाव होतो, भास होतात आणि सवय लागते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत हे औषध आहे. पुण्यात आणि राज्यातल्या इतर शहरांतही जिममधल्या तरुणांना ही इंजेक्शने चोरून विकणाऱ्यांवर गुन्हे नोंदले गेले आहेत.

दुसरा प्रकार स्टिरॉईडचा. त्याने स्नायू फुगतात हे खरे. पण यकृत बिघडते, वाईट कोलेस्टेरॉल वाढते, हृदयाचे स्नायू जाड होतात. शरीराबाहेरून पुरुषी संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, छाती बायकांसारखी वाढते. वाढत्या वयाच्या मुलाची उंची कायमची खुंटू शकते. आणि एकाच सुईने चौघांनी टोचून घेतले तर एचआयव्ही आणि कावीळ बी, कावीळ सी यांचा धोका वेगळाच.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. यात गुन्हेगार कोण?

हा प्रश्न कुळगावच्या गल्लीपुरता नाही. २०१६ साली तो साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. मुंबईत जोगेश्वरीच्या सामान्य घरात वाढलेला मल्ल नरसिंग यादव २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाला. महाराष्ट्र पोलिसांनी त्याला उपअधीक्षक केले. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून त्याने रिओ ऑलिम्पिकची जागा मिळवली. आणि स्पर्धा महिन्याभरावर आली असताना त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनॉन हे स्टिरॉईड सापडले.

नरसिंग म्हणाला, सोनीपतच्या सराव केंद्रात कुणीतरी माझ्या खाण्यापिण्यात ते मिसळले. त्याने पोलिसात तक्रार केली. पुढे प्रकरण सीबीआयकडे गेले. देशातल्या नाडाच्या समितीने १ ऑगस्टला त्याचे म्हणणे मान्य करून त्याला निर्दोष ठरवले. पण वाडाने अपील केले आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. लवादापुढे तज्ज्ञाने सांगितले होते की नमुन्यातले प्रमाण पाण्यात पूड मिसळल्याने येईल त्यापेक्षा जास्त आहे, ते एक-दोन गोळ्या गिळल्यासारखे आहे. घातपात झाल्याचा ठोस पुरावा नरसिंग देऊ शकला नाही, असे लवादाने म्हटले. गडी परत आला तो चार वर्षांनी.

या प्रकरणातून आपण दोन तराजू समजून घेतले पाहिजेत.

खेळाच्या तराजूत नमुना बोलतो. शरीरात पदार्थ सापडला की जबाबदारी खेळाडूची. तो कसा आला, हे खेळाडूनेच दाखवायचे. नाही दाखवता आले तर बंदी. हा नियम कडक आहे, पण खेळासाठी तो लागतो असे आम्हाला वाटते. नाहीतर सापडलेला प्रत्येक जण "माझ्या दुधात कुणीतरी टाकले" म्हणेल आणि प्रामाणिकपणे हरणाऱ्या पोराला न्याय मिळणार नाही.

फौजदारी कोर्टाचा तराजू उलटा आहे. तिथे आरोपीने काही सिद्ध करायचे नसते. गुन्हा झाला हे सरकार पक्षाने संशयाला जागा न ठेवता सिद्ध करायचे असते. माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घ्यायचे तर एवढी कसोटी हवीच. आपल्या समाजाला तर हे वेगळे सांगायला नको. म्हणून खेळाच्या तराजूवर तोललेला माल कोर्टाच्या तराजूवर तसाच टाकता येत नाही. लघवीचा नमुना सांगतो की शरीरात काय होते. कुणी दिले, कितीला विकले, काय सांगून टोचले, हे तो सांगत नाही.

आपला कायदा काय म्हणतो? राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा २०२२ साली संसदेने केला. त्याने नाडाला कायद्याचा आधार दिला, झडती आणि जप्तीचे अधिकार दिले. मात्र त्यातली शिक्षा म्हणजे निकाल रद्द होणे, खेळायला बंदी, आर्थिक दंड. तुरुंग नाही. खेळाडूला पदार्थ देणाऱ्या प्रशिक्षकावरही बंदी येऊ शकते, अल्पवयीन खेळाडूला दिला तर जन्मभराची. पण वस्तीतल्या जिममध्ये बाटल्या विकणारा माणूस कुठल्या संघटनेचा सभासद आहे? त्याला खेळायला बंदी घालून काय उपयोग? तो खेळतच नाही!

म्हणून काही जण म्हणतात, उत्तेजक घेणे हाच फौजदारी गुन्हा करा. जर्मनीने २०१५ मध्ये तसा कायदा केला. तिथे मोठ्या पातळीवरच्या खेळाडूला स्वतः घेतल्याबद्दलही तुरुंग होऊ शकतो. अमेरिकेने २०२० मध्ये वेगळी वाट धरली. तिथला रॉडचेन्कोव्ह कायदा खेळाडूला हात लावत नाही. कट करणाऱ्याला, औषध पुरवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगात टाकतो. नायजेरियाची धावपटू ब्लेसिंग ओकागबारे टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी सापडली. तिच्यावर खेळाच्या नियमाने दहा वर्षांहून अधिक बंदी आली. पण तिला औषध पुरवणारा टेक्सासचा एरिक लिरा याच्यावर अमेरिकेत खटला चालला, त्याने गुन्हा कबूल केला आणि २०२४ मध्ये त्याला तीन महिन्यांची कैद झाली. शिक्षा थोडी होती. तरी त्या कायद्याखाली पहिल्यांदा देणारा कोर्टात उभा राहिला, हे महत्त्वाचे.

देणारा कोर्टात का उभा राहायला हवा, हे समजायला पूर्व जर्मनीचे उदाहरण पुरेसे आहे. त्या देशात शाळकरी वयाच्या जलतरणपटू मुलींना जीवनसत्त्वाच्या म्हणून निळ्या गोळ्या दिल्या जात. ती स्टिरॉईडे होती. मुलींचे आवाज घोगरे झाले, पुढे कित्येकींच्या शरीराची नासाडी झाली. २००० साली बर्लिनच्या कोर्टाने तिथल्या क्रीडा खात्याचा प्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योप्नर यांना शारीरिक इजा करण्यात साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा स्थगित राहिली, तुरुंग झाला नाही. पण त्या निकालाचा अर्थ एवढाच की त्या मुली फसवणाऱ्या नव्हत्या, त्यांच्या शरीराला इजा केली गेली होती.

आमचे मत स्पष्ट आहे. खेळाडूला खेळाच्या नियमाने शिक्षा होऊ द्या, पण घेणाऱ्या पोराला तुरुंगात टाकणारा कायदा आपल्याकडे नको. कारण दोन. एक, पोलिस केसची भीती असेल तर छातीत धडधडणारा पोरगा डॉक्टरकडे जाणारच नाही; गेला तरी खरे सांगणार नाही. दुसरे कारण आपल्या वस्त्यांना जास्त लागते. मोठ्या घरच्या मुलाला वकील मिळतो. आपल्या पोराच्या नावावर गुन्हा चढला की चारित्र्य पडताळणीत तो दिसतो. ज्या पोलिस भरतीसाठी त्याने सुई घेतली, तीच भरती कायमची हातची जाते. इजा त्यालाच, शिक्षाही त्यालाच, आणि विकणारा पुढच्या गिऱ्हाईकाला बाटली देतो. हा न्याय नव्हे.

"तो सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने घेतो," असेही कुणी म्हणेल. मर्जी म्हणायला माहिती लागते. ज्याला बाटलीवरचे इंग्रजी नाव वाचता येते पण त्याचा अर्थ कुणी सांगितला नाही, त्याच्या मर्जीचा दाखला आम्ही मानत नाही. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. जिममधल्या "सरां"नाही तोच नियम लावा.

देणाऱ्याला धरायला नवा कायदा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहेच. परवान्याशिवाय औषध विकणे हा त्याखाली गुन्हा आहे आणि त्याला किमान तीन ते पाच वर्षांची कैद आहे. अपायकारक पदार्थ देऊन इजा करण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचे कलम १२३ आहे. कमी पडतो तो पुरावा आणि तक्रार करणारा माणूस. म्हणून घरच्यांनी एवढे करावे.

मुलाच्या बॅगेत बाटली, कुपी किंवा गोळ्या सापडल्या तर रागाने फेकून देऊ नका. वेष्टणासह ठेवा. त्यावरचे नाव, बॅच क्रमांक, कंपनी यांचा फोटो काढा. पैसे मोबाईलवरून दिले असतील तर तो मेसेज जपा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात करा. १८००-२२२-३६५ हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे. तक्रार एकट्या आईने करायची गरज नाही. विहार समिती, महिला मंडळ, मित्रमंडळ यांनी मिळून लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तक्रार विकणाऱ्याच्या धंद्याविरुद्ध असावी, म्हणजे कुणा एका पोराचे नाव पुढे येणार नाही. विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून फी भरून तपासून घेण्याचा हक्क त्याच कायद्याच्या कलम २६ ने तुम्हाआम्हाला दिला आहे.

मुलगा स्पर्धेत उतरणारा असेल तर साध्या सर्दीचे औषध घेतानाही डॉक्टरला तसे सांगा. औषधात बंदी असलेला पदार्थ आहे का, हे नाडाच्या नो युवर मेडिसिन या ॲपवर पाहता येते. प्रोटीनच्या डब्यावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आहे का बघा. आणि शक्यतो डबा आणूच नका. अंडी, चणे, शेंगदाणे, डाळ, दूध, सुकट यांवर चांगली शरीरे बनली आहेत. २०२४ मध्ये नाडाने ७,११३ नमुने तपासले, त्यांतले २६० दोषी निघाले. म्हणजे सगळेच घेतात, हे खोटे आहे.

संविधानाच्या ४७ व्या कलमात लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हटले आहे, आणि आरोग्याला घातक अमली पदार्थ रोखायला सांगितले आहे. त्या कलमाची आठवण सरकारला आपणच करून द्यायची आहे.

त्या ताईंना आम्ही पुन्हा भेटलो. मुलाला सोबत घेऊन उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात जायला सांगितले. तो आधी नाही म्हणाला. "पोलिसांना कळवत नाहीत, डॉक्टर फक्त तपासतात," हे पटल्यावर गेला. रक्तदाब वाढलेला निघाला, औषध सुरू झाले. पहाटेचे धावणे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू पुन्हा सुरू झाले आहे. बाटली कुठून आली, ते त्याने अजून आईला सांगितलेले नाही. पण परवा महिला मंडळाच्या बैठकीत ताईंनी ती रुमालासकट सगळ्यांसमोर ठेवली, तेव्हा आणखी दोन आयांनी सांगितले की आमच्याही घरात अशीच सापडली.

तक्रारीचा अर्ज आता तिघींच्या सह्यांनी जाणार आहे. तुमच्या वस्तीतली सही त्यात चौथी असू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!