अंगठ्यापूर्वीचा रकाना
सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांत, जेथे भिल्ल व पावरा कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, तेथे आयुर्विम्याच्या अर्जातील पूर्वव्याधीचा रकाना प्रतिनिधीने परस्पर ‘नाही’ असा भरावा आणि अर्जदाराने मजकूर न ऐकताच अंगठा उमटवावा, हे मला अत्यंत घातक वाटते; कारण १९३८ च्या विमा कायद्याच्या, २०१५ साली दुरुस्त झालेल्या, कलम ४५ अन्वये महत्त्वाची व्याधी दडविल्याच्या कारणावरून कंपनीस पहिली ३ वर्षे विमापत्रास हरकत घेता येते, आणि त्याची झळ मागे राहिलेल्या विधवेस व लेकरांस पोहोचते. विकाराचा केवळ वाहक असणे आणि रुग्ण असणे यांत मोठे अंतर आहे (वाहक बहुधा निरोगीच असतो), म्हणून तपासणीचा दाखला अर्जास जोडावा, अर्जाची नक्कल आग्रहाने मागून घ्यावी, आणि रकाना वाचून दाखविल्याखेरीज अंगठा देऊ नये.