बेशुद्ध रुग्णाची संमती कोणी द्यावी?

अतिदक्षता विभागातील रुग्णांवर नव्या उपचारांच्या चाचण्या घ्याव्यात की नाहीत, हा प्रश्न आपल्या विहारांत किंवा जयंतीच्या व्यासपीठावर सहसा चर्चिला जात नाही. तो उभा राहतो तो रात्री दोन वाजता, रुग्णालयाच्या एखाद्या लहानशा खोलीत. तेथे जे कोणी आप्त हजर असतील त्यांना उत्तर देण्यास कधी तासभर मिळतो, कधी दहा मिनिटे. ब्रिटनमध्ये वैद्यकी करीत असताना अशा प्रसंगी आपल्या कुटुंबांची होणारी ओढाताण आम्ही अनेकदा जवळून पाहिली आहे. म्हणून विषय काहीसा रुक्ष असला तरी तो या स्मरणिकेतून मांडणे आम्हास अगत्याचे वाटते.

प्रथम, अशा चाचण्यांची गरज काय? डोक्यास गंभीर इजा झालेल्या रुग्णास स्टेरॉइड दिल्यास मेंदूची सूज उतरेल व जीव वाचेल, असे वैद्यकशास्त्र कित्येक दशके मानीत आले. तर्कात खोट नव्हती आणि मोठमोठे तज्ज्ञ हे औषध देत होते. 'क्रॅश' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १०,००८ रुग्णांची नोंद झाली आणि २००४ मध्ये निष्कर्ष आला तो नेमका उलटा. स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले, न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन माणसे सद्हेतूने केलेल्या उपचाराने मरत होती, आणि हे कोणासही दिसत नव्हते. पुढे २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने त्याच कुळातील डेक्सामेथॅसोन हे स्वस्त औषध तपासले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती अशांना मात्र त्याचा काही लाभ झाला नाही. एकाच जातीचे औषध एका ठिकाणी मारक, दुसऱ्या ठिकाणी तारक व तिसऱ्या ठिकाणी निरुपयोगी! हे केवळ बुद्धी लढवून कोणास सांगता आले असते?

याच काळात भारतात आपल्या नातलगांनी काय सोसले ते वाचकांस स्मरत असेल. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-पुण्याहून लंडन-बर्मिंगहॅमपर्यंत फोन खणखणत होते ते प्लाझ्मासाठी. दाता शोधा, रक्तगट जुळवा, पैसे पाठवा. वास्तविक भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीत या उपचाराचा उपयोग होत नसल्याचे २०२० मध्येच आढळले होते. अधिकृत मार्गदर्शक सूचनांतून तो वगळण्यास मे २०२१ उजाडला. पुरावा असूनही त्याकडे पाठ फिरविली की धावाधाव गरिबांच्या वाट्यास येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता अडचणींकडे वळू. निरोगी मनुष्यास चाचणीत घेताना त्यास माहितीपत्रक देता येते व विचारास आठवडा देता येतो. ज्याचे हृदय बंद पडले आहे त्यास काय विचारणार? हृदय बंद पडल्यावर ॲड्रेनलिन द्यावे की नाही, हे तपासण्यासाठी ब्रिटनमधील पाच रुग्णवाहिका सेवांनी ८,०१४ रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्वसंमती घेणे अशक्यच होते, म्हणून चाचणीची जाहीर माहिती देण्यात आली आणि ज्यांना ती नको होती त्यांच्यासाठी हातात घालावयाच्या कड्याची सोय ठेवली गेली. निष्कर्ष असा, की ॲड्रेनलिनने तीस दिवस जगणाऱ्यांचे प्रमाण २.४ वरून ३.२ टक्क्यांवर गेले. परंतु वाचलेल्यांत मेंदूची गंभीर हानी झालेल्यांचे प्रमाणही वाढले, १७.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर. असे जगणे हवे की नको, याचे उत्तर कोणतीही चाचणी देऊ शकत नाही.

दुसरी अडचण भाषेची. आपण 'चाचणी' म्हणतो, आप्तांस 'प्रयोग' ऐकू येतो, आणि प्रयोग म्हटला की पिंजऱ्यातील उंदीर डोळ्यांपुढे उभा राहतो. कोणास नवे औषध व कोणास नेहमीचे, हे एक प्रकारे चिठ्ठ्या टाकून ठरते, असे सांगितले की चेहरे उतरतात. "डॉक्टरसाहेब, तुम्हाला योग्य वाटेल तेच द्या ना!" योग्य काय, हेच अद्याप ठाऊक नाही, हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकण्याची आपणांस सवय नाही. वस्तुतः चाचणीतील सर्वांत प्रामाणिक वाक्य तेच होय.

तिसरी अडचण निर्णयाधिकाराची. येथील २००४ सालच्या नियमांनुसार शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या वतीने निकटची व्यक्ती त्याचा प्रतिनिधी म्हणून संमती देऊ शकते. ती उपलब्ध नसल्यास चाचणीशी संबंध नसलेला डॉक्टर देऊ शकतो. २००६ च्या दुरुस्तीनुसार, नीतिसमितीने मान्यता दिली असल्यास, अत्यंत तातडीच्या प्रसंगी उपचार आधी सुरू करून संमती मागाहून घेता येते. रुग्णाने शुद्धीवर असताना नकार दिला असेल, तर तो कोणासही डावलता येत नाही. प्रतिनिधीने आपली इच्छा सांगावयाची नसते. रुग्णाने काय इच्छिले असते ते सांगावयाचे असते. आपल्या घरांत मात्र पत्नी बाजूस उभी असते आणि निर्णय नागपूरच्या थोरल्या दिरांना किंवा मामांना फोनवर विचारला जातो. पतीची इच्छा पत्नीखेरीज अधिक कोणास ठाऊक असणार? बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्यांच्या अनुयायांच्या घरी तरी हे घडू नये.

आणि संशय? तो निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. अमेरिकेत टस्कगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांना अभ्यासाचा विषय करून, त्यांतील उपदंशाच्या रुग्णांना पेनिसिलीन उपलब्ध झाल्यानंतरही ते दिले गेले नाही. भारतात २००९-१० साली आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीचा प्रकल्प राबविताना वसतिगृहांतील मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांनी सह्या केल्या. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये या प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले. वाचता न येणाऱ्या कागदावर अंगठा उठवून जमीन गमावलेल्या आजोबांच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी घरी ऐकल्या आहेत. सही करताना हात थबकतो तो उगाच नव्हे.

तथापि थबकणे वेगळे आणि पाठ फिरविणे वेगळे. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या ऑक्सिमीटरचेच पाहा. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र आकडा ठीक दाखवीत असताना प्रत्यक्षात प्राणवायू धोकादायकरीत्या कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळले. त्वचेच्या गडद रंगामुळे यंत्र चुकते. ते मुख्यतः फिकट त्वचेच्या माणसांवर पारखले गेले, म्हणून ही उणीव इतकी वर्षे खपून गेली. येथील सरकारने नेमलेल्या समितीनेही मार्च २०२४ च्या अहवालात या दोषाची दखल घेतली. आपल्या वर्णाची माणसे चाचण्यांत नसतील, तर त्यांच्यासाठी औषधांच्या मात्रा व यंत्रांचे आकडे दुसऱ्यांच्या शरीरावरून ठरतील.

भगवान बुद्धांनी कालामांना जो उपदेश केला तो आपण परित्राणपाठाइतक्याच आदराने सांगतो. मग डॉक्टर सांगतो म्हणून सही करणे जितके अयोग्य, तितकेच शेजारी सांगतो म्हणून नाकारणेही. आम्ही कुटुंबांना चार प्रश्न विचारण्यास सुचवितो. चाचणीत नसतो तर कोणता उपचार मिळाला असता? अधिकचा धोका कोणता? मध्येच बाहेर पडता येते ना? (येते, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत फरक पडत नाही.) हे मराठीत समजावून सांगण्यास दुभाषी मिळेल काय? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. सोळा वर्षांच्या नातवास आजीच्या जीवनमरणाचा दुभाषी करणे क्रूरपणाचे आहे, आणि दुभाषी मागितला तर रुग्णालयावर उपकार होत नाहीत. तो आपला हक्क आहे.

याहून मोलाची गोष्ट रुग्णालयाबाहेर करावयाची आहे. रविवारच्या वंदनेनंतर, सर्व ठणठणीत असताना, पतिपत्नींनी व मुलांनी एकमेकांस विचारून ठेवावे: उद्या माझी शुद्ध हरपली तर माझ्या वतीने कोणी बोलावे, आणि चाचणीबाबत माझे मत काय? अशुभ बोलू नये ही समजूत आपण धर्मांतराबरोबरच सोडावयास हवी होती. ज्या समित्या या चाचण्यांस परवानगी देतात, त्यांतील किमान एकतृतीयांश सभासद सामान्य नागरिक असतात. ते विनावेतन काम करतात, आणि त्यांस वैद्यकीय पदवी लागत नाही. आपल्या संघात निवृत्त शिक्षक आहेत, हिशेबनीस आहेत, पाळणाघर चालविणाऱ्या भगिनी आहेत. यांपैकी दोघांनी-तिघांनी जरी या वर्षी अर्ज केले, तरी ते कसे भरावयाचे हे सांगण्यास आम्ही कोणत्याही रविवारी विहारात बसावयास तयार आहोत.