राहुटीतील व्यवहार

लहान व्यवसायाचे भांडवल केवळ पैशात मोजता येत नाही. व्यवसायबंधूंशी असलेला परिचय, बाजारातील पत आणि गिऱ्हाइकांचा विश्वास हेही भांडवलच असते, आणि प्रस्तुत अंक या संपर्कजाळ्याच्या विचारासाठी योजला आहे.

अशा संपर्कजाळ्याचा ठळक दाखला 'तमाशा पंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांच्या, जुन्नर तालुक्यातील नारायणगावातच सापडतो. गुढीपाडव्याच्या सुमारास, यात्रांचा हंगाम तोंडावर आला की तमाशाचे फडमालक येथे राहुट्या, म्हणजे तंबूवजा तात्पुरती कार्यालये, थाटतात. गावोगावचे यात्रा समितीचे पंच एका राहुटीतून दुसरीत जाऊन मोकळ्या तारखा, कलावंत आणि बिदागी यांची चौकशी करतात, घासाघीस होते आणि सौदा जुळला की इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन सुपारी पक्की केली जाते. एरवी स्पर्धक असलेले फड शेजारी शेजारी बसतात म्हणूनच पंचांची पायपीट वाचते, आणि स्वतंत्र जाहिरात न परवडणाऱ्या लहान फडाच्या दारातही गिऱ्हाईक येते. याच गावच्या टोमॅटो बाजारातही शेतकरी, आडते आणि वाहतूकदार यांची अशीच सांगड दिसते.

मोबाईलमुळे चौकशी सोपी झाली असली तरी समोरासमोरच्या बोलण्यातून बसणाऱ्या विश्वासाला तो पर्याय ठरत नाही, असे संपादक मंडळाचे स्पष्ट मत असून याच भूमिकेतून अंकातील लेखांची निवड केली आहे. जुन्नर-आंबेगावातील रोपवाटिका, दूधव्यवसाय, किराणा वा गॅरेज चालवणाऱ्या वाचकांनी या मताची पारख आपल्या अनुभवावर करावी आणि मतभेद असल्यास तेही अवश्य लिहून कळवावेत.