नादेज्दा दुरोव्हा : आत्मकथनातून पुसलेली पाच वर्षे

१/ नेपोलियनविरुद्ध लढलेल्या रशियन घोडदळाचा विषय निघाला की नादेज्दा दुरोव्हाचे नाव हमखास येते. पुरुषवेश धारण करणारी मुलगी, तिचा लाडका घोडा आणि झारची शाबासकी, एवढ्यात तिचे आयुष्य उरकले जाते. वास्तविक तिच्या चरित्रातील सर्वांत बोलका भाग तिने स्वतःच गाळला आहे. तो ध्यानात घेतल्याशिवाय तिच्या शौर्याचे मोलही पुरते कळत नाही.

२/ तिचा जन्म १७८३ चा. वडील हुसार घोडदळातील अधिकारी होते. आईला मुलगा हवा होता. रडणाऱ्या तान्ह्या मुलीला आईने धावत्या गाडीतून बाहेर फेकले आणि पुढे वडिलांनी तिला अस्ताखोव्ह नावाच्या सैनिकाच्या हाती सोपवले, असे आत्मकथन सांगते. छावणीतले खोगीर आणि हत्यारे हीच तिची खेळणी झाली. कालांतराने वडील कामा नदीकाठच्या सारापुल गावी नगरप्रमुख झाले.

३/ १७ सप्टेंबर १८०६ च्या रात्री तिने केस कापले, कोसॅक गणवेश चढवला, बायकी कपडे नदीकाठी टाकले आणि अल्किड या घोड्यावरून गाव सोडले. मुलगी बुडाली असे घरच्यांना वाटावे, हा त्यामागचा हेतू. प्रथम ती कोसॅकांच्या तुकडीबरोबर गेली आणि १८०७ मध्ये उलान, म्हणजे भालाईत घोडेस्वारांच्या रेजिमेंटमध्ये साधा शिपाई म्हणून भरती झाली.

४/ त्याच वर्षी प्रशियात गुटश्टाट, हाइल्सबर्ग आणि फ्रीडलांड या लढायांत ती होती. गुटश्टाटजवळ शत्रूच्या घोडेस्वारांनी वेढलेल्या एका जखमी अधिकाऱ्याचे प्राण तिने वाचवले. मात्र घरी पाठवलेल्या एका पत्राने तिचा माग लागला आणि प्रकरण थेट सम्राटापर्यंत गेले.

५/ डिसेंबर १८०७ मध्ये झार अलेक्झांडर पहिला याने तिला सेंट पीटर्सबर्गला बोलावून घेतले. सन्मानाने घरी धाडण्याचा त्याचा विचार होता; तिने सैन्यातच राहू देण्याची विनवणी केली. झारने तिला सेंट जॉर्जचा क्रॉस दिला, मारिउपोल हुसार रेजिमेंटमध्ये अधिकारीपद दिले आणि आपल्याच नावावरून ‘अलेक्झांड्रॉव्ह’ हे नाव दिले. ही कृपा उमराव घराण्यातील अधिकाऱ्याच्या मुलीवर झाली, हे विसरता कामा नये. भूदास कुटुंबातल्या पळून गेलेल्या मुलीला सम्राटाचे दार कोणी उघडले नसते.

६/ १८११ मध्ये तिची बदली लिथुएनियन उलान रेजिमेंटमध्ये झाली. १८१२ च्या मोहिमेत ती स्मोलेन्स्क आणि बोरोदिनो येथे लढली. बोरोदिनोच्या रणांगणात तोफगोळ्याच्या आघाताने तिचा पाय दुखावला. पुढे सेनापती कुतुझोव्हची ऑर्डर्ली म्हणून तिने काही काळ काम केले. १८१६ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा तिच्या नोकरीला सुमारे दहा वर्षे झाली होती.

७/ १८३६ मध्ये पुश्किनने आपल्या ‘सोव्रेमेन्निक’ या नियतकालिकात तिच्या आठवणींतला काही भाग प्रसिद्ध केला. त्याने तो ‘दुरोव्हा’ या नावाने छापला, आणि नेमके तेच तिला रुचले नाही. तिला अलेक्झांड्रॉव्ह हेच नाव हवे होते. त्याच वर्षी ‘घोडदळातील कुमारिका’ अशा अर्थाच्या शीर्षकाने संपूर्ण पुस्तक निघाले.

८/ आता खरा प्रश्न. घर सोडताना आपण सोळा वर्षांच्या होतो, असे पुस्तक सुचवते. जन्मसालाचा हिशेब मात्र तेवीस सांगतो. मधल्या काळात काय घडले? १८०१ मध्ये सारापुल येथे चेर्नोव्ह नावाच्या सरकारी नोकराशी तिचा विवाह झाला आणि १८०३ मध्ये इव्हान हा मुलगा जन्मला. पुस्तकात नवऱ्याचा उल्लेख नाही, मुलाचाही नाही. वय कमी केले की विवाहाला जागाच उरत नाही.

९/ हे कळल्यावर काही जण संपूर्ण पुस्तकच खोटे ठरवतात, तर काही जण वयाची बाब किरकोळ म्हणून सोडून देतात. दोन्ही भूमिका आळशी आहेत. लढाया, पदक आणि बढत्या यांना पुस्तकाबाहेरचा आधार आहे. गाळलेली वर्षे सांगतात ती दुसरी गोष्ट : वाचकासमोर कोणती स्त्री उभी करता येईल, याचा तिने घेतलेला अंदाज.

१०/ त्या काळी रशियात पत्नीने पतीबरोबर राहावे असा कायदा होता आणि चर्चकडून घटस्फोट मिळणे जवळजवळ अशक्य होते. सोळा वर्षांची कुमारिका पळाली तर ते साहस ठरते. तेवीस वर्षांची पत्नी आणि आई निघून गेली तर तो अपराध ठरतो. तिने पुसलेली पाच वर्षे ही त्या समाजाने घातलेली अट होती. ज्याला आपण लबाडी म्हणतो, ते येथे पुराव्याचे काम करते.

११/ तरीही तिला निष्कलंक करण्याची गरज नाही. घर सुटले तेव्हा इव्हान तीन वर्षांचा होता, आणि त्या स्वातंत्र्याची काही किंमत त्याने मोजली. एवढेच लक्षात ठेवावे की त्या युद्धांत शेकडो पुरुष अधिकारी मुलेबाळे मागे ठेवून गेले. त्यांच्या आठवणींत मुले का नाहीत, असे कोणी विचारत नाही.

१२/ मराठीप्रमाणे रशियन भाषेतही भूतकाळी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करते. पुस्तकात निवेदन करताना ती स्त्रीलिंगी रूपे वापरते. सहकाऱ्यांशी बोलतानाची तिची वाक्ये पुल्लिंगी आहेत. येलाबुगा येथील उत्तरायुष्यात ती पुरुषी पोशाखात राहिली आणि स्वतःबद्दल पुल्लिंगीच बोलत असे. येथे ‘ती’ म्हटले आहे ते निवेदनाला अनुसरून. त्यावरून तिच्या मनाचा निकाल लावणे इतिहासाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

१३/ १९६२ च्या ‘हुसार बॅलड’ या लोकप्रिय सोव्हिएत चित्रपटात तिच्याच वळणाची नायिका आहे. तिच्या वाट्याला एक प्रेमकथा आली. समाजमाध्यमांवर तिला ‘पहिली महिला अधिकारी’ ही चिठ्ठी चिकटली. ज्या व्यक्तीने राजाकडून मिळालेले नाव १८६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडले नाही, तिला इतक्या सोप्या साच्यात बसवणे अन्यायाचे आहे. दुरोव्हा वाचावी ती तिने लिहिलेल्या पानांसह आणि न लिहिलेल्या पाच वर्षांसह.