वसुबारसेची पूजा आणि लक्ष्मीपूजनाचे बार

वसुबारसेच्या सायंकाळी, अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीवर ज्या घरी अद्याप गोठा आहे, तेथे सवत्स धेनूच्या पायांवर पाणी घातले जाते, हळदकुंकू वाहिले जाते, गोग्रास दिला जातो. व्रतस्थ सुवासिनी त्या दिवशी गाईचे दूध-तूपही वर्ज्य मानतात. आणि दोन-तीन दिवसांनी, लक्ष्मीपूजनाची आरती संपते न संपते तोच, त्याच गोठ्याच्या मागे सुतळी बॉम्बची वात पेटते! ही विसंगती आम्हांस बोचते.

गाय दावणीला बांधलेली असते. तिला पळता येत नाही. कुत्र्याला येते, म्हणून तो पळतो. मनुष्याच्या कानाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, कुत्र्याच्या कानाला सुमारे ४५ हजारांपर्यंतचा. शिवाय बार कशाचा आणि तो केव्हा थांबेल, हे त्या मुक्या जीवाला कोण सांगणार? वर्षभर नारळी-पोफळीची वाडी राखणारा धीट कुत्रा त्या रात्री माजघरातील बाजेखाली शिरून थरथरतो, लाळ गाळतो, अन्नाला शिवत नाही. एखादा साखळी तोडून पुळणीकडे धावत सुटतो आणि घराची वाट चुकतो.

आपल्या देव्हाऱ्यातील दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान आणि पाठीशी धेनू आहे. चौलच्या डोंगरावरील दत्तमंदिराच्या यात्रेला दरवर्षी मार्गशीर्षात जाणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. धर्मराजाने सोबतच्या श्वानाला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारले, ही महाभारतातील कथाही सर्वश्रुत आहे. शेजारच्या नेपाळात तर याच सुमारास, तिहारच्या सणात, एक दिवस कुत्र्यांचा असतो; त्यांच्या कपाळी टिळा लावून गळ्यात फुलांच्या माळा घालतात.

‘वर्षाचा सण, मुलांना आनंद करू द्या’ असे कोणी म्हणेल. करू द्यावाच. फुलबाजी आणि चंद्रज्योतीला आमचा विरोध नाही. परंतु कानठळ्या बसविणारा बार हा धर्माचा भाग कधीपासून झाला? तोफेची दारू या देशात येण्यापूर्वीही येथे दिवे लागतच होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिवाळीत फटाके उडविण्यास रात्री ८ ते १० एवढीच मुभा दिली. पण आळीआळीत पोलीस कोठून आणावयाचा? हे काम घरातील कर्त्या माणसाचेच आहे.

त्या दिवशी कुत्र्याला दिवेलागणीपूर्वीच फिरवून आणावे, जेवू घालावे आणि आतल्या खोलीत दारे-खिडक्या लावून ठेवावे. रेडिओ मंद आवाजात चालू असावा. तो लपला असेल तर ओढून बाहेर काढू नये. जवळ घेतल्याने त्याची भीती वाढते, ही समजूत खरी नव्हे. जवळ आला तर खुशाल कुरवाळावे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मात्र चुकूनही देऊ नयेत. जनावर फारच भित्रे असेल तर सणाच्या आठ-दहा दिवस आधी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. गळपट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक लिहावा. सुटीसाठी नागाव-काशीदला कुत्रे घेऊन येणाऱ्या पाहुण्यांनी तर अवश्य, कारण त्यांच्या कुत्र्यांना ही गावे परकी. गोठ्याच्या अंगणात एकही फटाका नको. तेथे पेंढा असतो, ठिणगीचेही भय आहे.

आणि पाडव्याच्या पहाटे ओटीखाली अनोळखी कुत्रे अंग चोरून बसलेले दिसले, तर त्याला हुसकावू नये. पाणी ठेवावे, आणि शेजारच्या आळीत कोणाचे हरवले आहे काय याची चौकशी करावी.